पौषातलं बिऱ्हाड

डिसेंबर लागला की निफाडचा पारा रोज बातमीत येतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा पाच-सहा अंशांवर उतरला, की द्राक्षबागांमध्ये पहाटे शेकोट्या पेटतात. नाशिक शहरात पारा एवढा घसरत नाही, पण पहाटे दहाच्या खाली जाणं नवीन नाही. आणि याच दिवसांत जुन्या नाशकातल्या कितीतरी घरांत एक वाद चाललेला असतो. वाडा सोडायचं नक्की झालेलं असतं, फ्लॅटचा ताबा मिळालेला असतो, फक्त एवढंच ठरत नसतं की बिऱ्हाड आत्ता हलवायचं की थंडी सरल्यावर. नात्यात आणि शेजारात हा वाद मी इतक्यांदा ऐकला आहे की दोन्ही बाजूंचे मुद्दे मला पाठ झाले आहेत. इथे ते एका आत्याच्या आणि तिच्या भाच्याच्या तोंडी घातले आहेत. आत्या निवृत्त परिचारिका, भाचा बांधकामातला इंजिनिअर. ज्यांच्यावरून वाद आहे त्या आजी, म्हणजे आत्याची आई, चौऱ्याऐंशी वर्षांच्या.

भाचा : आत्या, नाताळच्या सुट्टीत हलायचं ठरवलंय. टेम्पो सांगितला, हमाल सांगितले. मुलांना शाळा नाही, मला रजा आहे. तू फक्त त्या दिवशी आजीपाशी थांब.

आत्या : थांबेन की. पण दिवसाचं काय, चार माणसं असतात, गडबड असते, कुणीतरी चहा देतं. मला काळजी आहे ती त्या रात्रीची.

भाचा : मला वाटलं, तू पौषाचं काढणार.

आत्या : ते आई काढेल. तिला काय सांगणार आहेस?

भाचा : तिला पटेल असं करून ठेवलंय. मार्गशीर्षातच नव्या घरी कलश मांडला, दूध उतू घातलं. वास्तुशांत माघात करू. आणि सूर्याचंच म्हणशील, तर तो २२ डिसेंबरलाच वळतो. संक्रांत १४ जानेवारीला येते, कारण पृथ्वीचा आस अगदी सावकाश आपली दिशा बदलत राहतो आणि साधारण सत्तर वर्षांत संक्रांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, आणि ती तारीख होती १२ जानेवारी १८६३. म्हणजे आपण चौदा तारखेची वाट बघत बसायचं, आणि दिवस मात्र तीन आठवडे आधीच मोठा व्हायला लागलेला.

आत्या : मोठा होतो, पण कुठल्या टोकाला? संध्याकाळच्या. सकाळ उलट उशिरा-उशिराच होत जाते. पंचांग काढ आणि सूर्योदयाचा रकाना वाच. नाशकात सगळ्यात उशिरा उजाडतं ते २२ डिसेंबरला नाही, जानेवारीच्या मध्याला. सात वाजून दहा मिनिटांच्या आसपास.

आत्या बरोबर आहे, आणि हा बारकावा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. डिसेंबरच्या अखेरीस सूर्याची मध्यान्ह आपल्या घड्याळाच्या मानाने रोज जवळजवळ अर्ध्या मिनिटाने मागे पडत असते. त्यामुळे दिवसाची लांबी वाढू लागली तरी सूर्योदय पुढेच सरकत राहतो, आणि वाढलेला सगळा उजेड संध्याकाळच्या पदरात पडतो. थंडीचंही तसंच. सूर्य वळला म्हणून जमीन लगेच तापत नाही. आपल्याकडे थंडीच्या मोठ्या लाटा जानेवारीत, कधी फेब्रुवारीतही येतात. पौषात कार्य नको म्हणणाऱ्यांच्या मनात हे गणित होतं असं मी म्हणणार नाही. पण ज्या घरात वयस्क माणूस आहे, त्या घरासाठी वर्षातल्या सर्वांत काळ्या आणि गार पहाटा याच, हे मात्र खरं.

भाचा : बरं, सूर्योदय उशिरा. त्यानं टेम्पोला काय फरक पडतो?

आत्या : टेम्पोला नाही पडत. आई साडेचारला उठते. लग्न होऊन आली तेव्हापासून धुंधुरमास करत आली आहे. अंधारात उठायचं, मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी, भरीत, आणि उजाडताना ताटावर बसायचं. आता तिला कुणी स्वयंपाक करू देत नाही, पण जाग तर येतेच. वाड्यात ती अंधारात भिंतीला हात न लावता चालते. उंबरा कुठे, पायरी कुठे, घडवंची कुठे, पायाला ठाऊक आहे. नव्या घरात साडेचार ते सात, अडीच तास, ती अनोळखी अंधारात वावरणार. थंडीत कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, लघवीला जास्त वेळा जावं लागतं. म्हणजे रात्रीतून दोनदा उठणारी बाई तीनदा-चारदा उठणार. त्यात पायात तू आणलेले लोकरीचे मोजे आणि खाली गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशी. खुब्याचं हाड मोडलेल्या किती म्हाताऱ्या मी वॉर्डात पाहिल्यात, आणि त्यातल्या किती पुन्हा पूर्वीसारख्या चालल्या, हे तुला सांगत नाही. तू घाबरशील.

भाचा : तू सांगितलंस ते सगळं मान्य. आता माझं ऐक. वाड्यातला संडास कुठे आहे?

आत्या : मागे.

भाचा : चौक ओलांडून मागे. वर उघडं आभाळ. आजी रात्री तीनदा उठते ती पांघरुणातून थेट आठ-नऊ अंशांत. वाट ओळखीची आहे म्हणतेस, पण त्या वाटेवरच्या दगडाला पहाटे दव असतं, शेवटच्या पायरीची कड झिजून तिरकी झालीय, आणि मधला दिवा पावसाळ्यात बंद पडला तो अजून लागलेला नाही. पाय जपून टाकते म्हणून आजवर पडली नाही. नव्या घरात पलंगापासून चार पावलांवर संडास आहे, बसता-उठता येईल असा कमोड आहे, डोक्यावर छत आहे. आणि तू मला संक्रांतीपर्यंत थांब म्हणतेस? ते महिनाभर ती त्याच चौकातून जाणार, थंडीच्या ऐन महिन्यात.

आत्या : संडास आत घ्या म्हणून मी तुझ्या वडिलांना किती वर्षं सांगत होते.

भाचा : ते झालं नाही. आणि आता वाड्याच्या भिंती फोडून काही करावं, अशी त्याची अवस्था राहिलेली नाही.

इथे भाच्याचं पारडं जड होतं, आणि ते मी मोकळेपणाने मान्य करते. आपण वाड्यांविषयी बोलताना चौकातलं ऊन, ओसरी, माडीवरच्या लाकडी कठड्याचं नक्षीकाम आठवतो. परसातला संडास आठवत नाही, कारण आठवणी सांगणारे बहुतेक त्या काळी लहान किंवा तरुण होते. ऐंशीच्या पुढच्या बाईला त्या परसापर्यंत जाण्यासाठी काय करावं लागतं, ती पाणी प्यायचं कसं कमी करते, संध्याकाळनंतर ताक का नको म्हणते, हे घरातल्या सुनांना माहीत असतं. थंडी सरेपर्यंत थांबू या, असं म्हणणाऱ्याने आधी या एका महिन्याची जबाबदारी घ्यायला हवी. थांबलं की धोका टळला, असं होत नाही. आजीला तो रोज रात्री पत्करावाच लागतो.

भाचा : आणि थांबून-थांबून किती थांबणार? माघात तुझ्याकडचं लग्न आहे, मार्चमध्ये मुलांच्या परीक्षा, एप्रिल-मे म्हणजे पारा चाळिशीला. जून आला की महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. दर पावसाळ्यात नाशकात कुठल्या ना कुठल्या वाड्याची भिंत येतेच. गेल्या पावसात आपली मागची भिंत पाणी पीत होती, मी रात्र-रात्र जागा होतो.

आत्या : पावसाच्या आत निघायला हवं, यावर माझा वाद नाहीच. पण मग हेही लक्षात घे. नवं घर तू कोरड्या महिन्यात ताब्यात घेतोयस. गळती तुला आत्ता दिसणार नाही.

भाचा : त्याला कायद्याचा आधार आहे. रेराप्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवला, तर बिल्डरने तीस दिवसांत बिनखर्चाने दुरुस्त करून द्यायचा. गळती जूनमध्ये दिसेल, तेव्हा लेखी कळवेन. आत्ता मला थंडी दिसतेय, ती बघू दे. घरात ऊन कुठे येतं, वारा कुठून शिरतो, हे याच दिवसांत कळतं.

आत्या : मग बघितलंस का? रात्री बघितलंस?

भाचा : रात्री नाही.

आत्या : मी गेले होते परवा, पेंटरला किल्ली द्यायला. दिवेलागण झाली होती. वाड्यात शिरलं की त्या वेळी ऊब लागते. तिथे भिंतीला हात लावला तर बर्फ.

भाचा : त्याचं कारण सांगतो. वाड्याची भिंत पावणेदोन-दोन फूट जाड, विटा आणि मातीची. दिवसभराचं अठ्ठावीस अंशांचं ऊन ती सावकाश पिते आणि रात्री सावकाश परत देते. आमची नवी भिंत सहा इंच काँक्रीटची, अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेली. मजबूत आहे, सरळ आहे, भराभर उभी राहते. पण काँक्रीटमधून उष्णता विटेच्या मानाने साधारण दुप्पट वेगाने जाते, आणि भिंत पातळ असल्यामुळे ती लवकर गार होते. वर आम्ही आठव्या मजल्यावर, आडोसा नाही. हे मी गिऱ्हाइकांना सांगत नाही, पण तुला सांगतो.

आत्या : गिऱ्हाइकांनाही सांगत जा.

हे मलाही सांगावंसं वाटतं. नाशिकच्या हिवाळ्यात दिवस आणि रात्र यांच्यात सहज अठरा-वीस अंशांचं अंतर पडतं. अशा हवेत जाड भिंतीचं काम काय, हे इथल्या जुन्या गवंड्यांना ठाऊक होतं. आजच्या इमारती जमिनीच्या किमतीने आणि कामाच्या वेगाने ठरतात, आणि त्यांच्या गारठ्याची किंमत घरातलं सर्वांत म्हातारं माणूस आपल्या अंगावर मोजतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये थंड हवेच्या प्रदेशांसाठी घरातलं तापमान किमान १८ अंश असावं, वयस्क माणसांसाठी त्याहून थोडं जास्त, अशी शिफारस केली. आपल्याकडे घर गरम ठेवण्याची सोयच नसते, म्हणून हा आकडा परका वाटतो. पण भारतातल्या मृत्यूंच्या नोंदींवर त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं ते असं, की कडाक्याच्या थंडीपेक्षा मध्यम थंडीच्या दिवसांनी एकूण जास्त माणसं नेली, कारण असे दिवस संख्येने जास्त असतात आणि त्यांना कुणी थंडी म्हणून मोजत नाही.

आत्या : आता सगळ्यात महत्त्वाचं. आईची शेगडी.

भाचा : ती नेणार नाही आम्ही. फ्लॅटमध्ये कोळशाची शेगडी कशाला?

आत्या : तू नेणार नाहीस, ती नेईल. तिच्या ट्रंकेमागे ठेवलेली असते. गारठा वाढला की ती निखारे घालून पायाशी घेते. वाड्यात ते चाललं, कारण खिडक्यांच्या फटीतून, कौलांतून, माडीच्या फळ्यांतून हवा खेळत होती. तुझ्या खोलीला सरकत्या काचा आहेत, रबराची पट्टी लावलेली. दार लावून शेगडी ठेवली तर रात्रीत कार्बन मोनॉक्साइड साचेल. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपट घट्ट धरतो. माणूस झोपेतून उठत नाही, बस.

भाचा : शेगडी मी स्वतः काढून घेईन.

आत्या : नुसती काढून घेऊ नकोस, तिच्या जागी काहीतरी दे. तेलाचा हीटर येतो, त्यात निखारा नाही, धूर नाही. रबरी पिशवी दे, पण पाणी उकळतं भरू नकोस. म्हातारी कातडी पातळ असते, झोपेत भाजलेलं कळत नाही. आणि गिझर कुठला बसवलास?

भाचा : गॅसचा. मुलांच्या बाथरूममध्ये. लगेच गरम पाणी येतं.

आत्या : आत?

भाचा : आतच. बाहेर जागा…

आत्या : जागा कर. ड्राय बाल्कनीत घे, नाहीतर विजेचा बसव. थंडी म्हणून पोरं झरोका बंद करतात, वीस मिनिटं गरम पाण्याखाली उभी राहतात, आणि आत गॅस जळत असतो. दर हिवाळ्यात आपल्याच राज्यात अशा बातम्या येतात, तरणीताठी माणसं बाथरूममध्ये बेशुद्ध सापडल्याच्या. पौष मोडलास तर आई चार दिवस रुसेल. हा नियम मोडू नकोस.

हा भाग वाचून कुणी आपल्या घरचा गिझर पाहायला उठलं, तर लेख तिथेच ठेवून उठावं. जुन्या घरात ज्या सवयी निभावल्या, त्या घराच्या फटींमुळे निभावल्या. नव्या घरात फटी नसतात, सवयी मात्र टेम्पोत बसून सोबत येतात. थंडीत घर बदलताना हे घडतं, कारण याच दिवसांत आपण दारं-खिडक्या लावून घेतो आणि आत काहीतरी पेटवतो. एप्रिलमध्ये हलणाऱ्याला पुढचा हिवाळा येईपर्यंत घर ओळखीचं झालेलं असतं.

भाचा : बरं, आजीची खोली. उत्तरेकडची दिलीय. संडास-बाथरूम त्याच खोलीला आहे, म्हणून.

आत्या : आणि दक्षिणेची?

भाचा : तिथे माझं कामाचं टेबल. मोठी खिडकी आहे, बाल्कनी आहे. घर घेताना सगळे म्हणत होते, दक्षिणेकडे काय उघडतोस. मला तर तीच खोली आवडली.

आत्या : तुला आवडली, कारण तिथे ऊन येतं. डिसेंबरात मध्यान्हीचा सूर्य नाशकात क्षितिजापासून साधारण शेहेचाळीस अंशांवर, दक्षिणेकडे झुकलेला असतो. ऊन खिडकीतून खोलीत हातभर नाही, चांगलं दोन पावलं आत येतं. आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तोच सूर्य मध्यान्ही डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो, तेव्हा त्या खिडकीला त्याचा त्रासही नाही. हे तू मला शिकवायचं, का मी तुला? आणि उत्तरेच्या खोलीला अख्ख्या थंडीत उन्हाची तिरीप नाही. नवं प्लास्टर, नवा रंग, भिंतीत अजून ओल. तिथे तू तिला ठेवणार.

भाचा : पण आत्या, तूच मघाशी रात्रीचं बोललीस. दक्षिणेच्या खोलीतून संडासाला जायचं तर पॅसेज ओलांडावा लागतो. चार पावलांची अकरा पावलं होतात. ऊन हवं की संडास जवळ हवा?

आत्या : दोन्ही हवं.

भाचा : एका खोलीत दोन्ही नाही.

आत्या : मग दोन खोल्या दे. रात्री उत्तरेला, दिवसा दक्षिणेला. वाड्यात ती तेच करते, तुझ्या लक्षात आलं नसेल. सकाळी ओसरीवर, दुपारी चौकात, संध्याकाळी देवघराशी. ऊन जसं सरकतं तशी ती सरकते. एका खोलीत पलंगावर बसवलंस, तर तिला घर मिळालं असं नाही म्हणता येणार.

भाचा : म्हणजे माझं टेबल…

आत्या : हॉलमध्ये. निदान फाल्गुनापर्यंत.

भाचा : दिवसभर मीटिंगा असतात माझ्या.

आत्या : असू देत. तिला ऐकू कमीच येतं.

भाचा : …बरं. टेबल हॉलमध्ये. गिझर बाहेर. संडासाच्या भिंतीला धरायची दांडी लावून घेतो, मिस्त्री उद्या येणारच आहे. पॅसेजमध्ये रात्रभर जळेल असा छोटा दिवा. मोज्यांच्या तळाला रबर असलेले मिळतात, ते आणतो. तारीख मात्र बदलत नाही मी.

आत्या : नको बदलूस. चौकातल्या त्या पायरीचं तू बोललास, तिथे माझ्यापाशी उत्तर नव्हतं. पण त्याआधीच्या आठवड्यात रोज दुपारी आईला तिकडे ने. तास-दोन तास बाल्कनीत बसू दे, तिच्या हातानं डबे लावू दे, संडासापर्यंत चार-सहा वेळा चालू दे, उजेडात. खोलीत साधा तापमापक टांग, आणि सकाळी सहाला काय दाखवतो ते मला फोन करून सांग. पहिले पंधरा दिवस मी तिच्याच खोलीत झोपायला येते.

भाचा : आणि तिचा पलंग? जुना आहे, उंच आहे. नवा घेऊ म्हणत होतो.

आत्या : नवा नको. रात्री उठताना तिचे पाय त्या उंचीवरून जमीन शोधतात. तोच ने, वाड्यात ज्या बाजूनं ती उतरते तीच बाजू मोकळी ठेव, आणि बाहेरच्या भिंतीपासून हातभर लांब लाव, भिंतीचा गारवा अंगाला नको.

भाचा : शेवटच्या खेपेत आणतो. ती तोवर वाड्यात त्यावर बसेल.

आत्या : पहिल्या खेपेत. ती माझ्यासोबत खुर्चीत बसेल. दुपारी तीनच्या आत पलंग लागलेला, गादी उन्हात तापवून टाकलेली, आणि दिवा कुठून लागतो ते तिला दाखवलेलं हवं. बाकीचं सामान रात्री दहापर्यंत चढवत बसलात तरी चालेल.